एमसीबी वारंवार ट्रिप होतो, फ्यूज सारखा उडतो? या चुका टाळा

एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह वाहू लागताच पुरवठा आपोआप तोडणारा खटका, सारखा पडू लागला की बहुतेक घरांत 'एमसीबीच खराब झाला आहे' असा निष्कर्ष काढला जातो आणि त्याच्या जागी जास्त अँपिअरचा नवा बसवला जातो. या विषयातील सर्वांत घातक चूक हीच आहे. एमसीबीचे पहिले काम भिंतीतील वायर वाचवणे हे असते. १६ अँपिअरच्या हिशोबाने ओढलेल्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर वायर तापून तिचे इन्सुलेशन वितळू लागले तरीही तो पडणार नाही. फ्यूजमध्ये ठरलेल्या जाडीच्या तारेऐवजी वायरमधील तांब्याचे चार-पाच धागे पिळून घालणे, हाही तितकाच धोकादायक प्रकार आहे.

काहीही बदलण्यापूर्वी एमसीबी नेमका कधी पडतो, याची नोंद ठेवावी. निम्मे निदान त्यातच होते.

उपकरणे चालू केल्यानंतर बऱ्याच वेळाने तो पडत असेल, तर कारण बहुधा जादा भार हे असते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर २००० वॉटचा हीटर, १५०० वॉटची किटली आणि १००० वॉटची इस्त्री एकाच सर्किटवर चालवल्यास सुमारे १९.६ अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्या प्रवाहाने १६ अँपिअरचा एमसीबी लगेच पडेल अशी अपेक्षा असते, परंतु मानकानुसार घरगुती एमसीबी त्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या १.१३ पट प्रवाहाला, म्हणजे येथे सुमारे १८ अँपिअरला, एक तासाच्या आत पडता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहाला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला, तासाभरात पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो कधी पाऊण तासाने पडतो, तर कधी पडतच नाही. या अनियमितपणामुळे चांगल्या एमसीबीवर विनाकारण ठपका येतो. खरा उपाय भार वेगवेगळ्या सर्किटवर वाटण्याचा असतो.

भार कमी असूनही तो पडत असेल, तर स्क्रू सैल असण्याची शक्यता मोठी असते. सैल जोडावर उष्णता निर्माण होते, ती एमसीबीमधील द्विधातू पट्टीपर्यंत (तापल्यावर वाकून खटका पाडणाऱ्या पट्टीपर्यंत) पोहोचते आणि पट्टी वेळेआधीच वाकते. वायरचे टोक तपकिरी पडणे किंवा जळका वास येणे ही त्याची खूण होय.

खटका वर करताच तो खाली येत असेल, तर शॉर्ट सर्किट गृहीत धरावे आणि खटका पुन्हा पुन्हा वर करण्याचा हट्ट सोडावा, कारण प्रत्येक वेळी त्याच बिघडलेल्या जागी प्रचंड प्रवाह जातो. जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. तार मधोमध वितळून तुटलेली आणि चिनीमाती स्वच्छ असेल, तर बहुधा भार जास्त झालेला असतो. तार जवळपास नाहीशी होऊन काळा डाग आणि तांब्याचे बारीक थेंब मागे राहिले असतील, तर शॉर्ट सर्किट झालेले असते.

पंपासारखी मोटर सुरू होतानाच एमसीबी पडत असेल, तर त्याचा प्रकार पाहावा. 'बी' प्रकारचा एमसीबी ३ ते ५ पट प्रवाहाला तत्क्षणी पडतो, 'सी' प्रकारचा ५ ते १० पट प्रवाहाला, आणि मोटर सुरुवातीला काही क्षण कित्येक पट प्रवाह घेते. अशा वेळी अँपिअर तेवढेच ठेवून प्रकार बदलता येतो, मात्र तो निर्णय वायरिंग तपासून वायरमनने घ्यावा.

आरसीसीबीच्या, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या खटक्याच्या, बाबतीत होणारी गल्लत वेगळी आहे. तो भार मोजत नाही. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतील फरक मोजतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो, त्यामुळे अनेक उपकरणांची थोडी थोडी गळती एकत्र होऊनही तो पडतो. दोष शोधताना लोक उपकरणांची बटणे बंद करतात, पण भिंतीवरील बटण सहसा फक्त फेज तोडते. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तो उपकरणात अर्थिंगला चिकटला असेल, तर बटण बंद असतानाही आरसीसीबी पडतो. म्हणून प्रत्येक प्लग प्रत्यक्ष उपसून काढावा, सर्व एमसीबी खाली करावेत, आरसीसीबी वर करावा, मग एकेक एमसीबी आणि शेवटी एकेक प्लग जोडत जावे. ज्या टप्प्यावर तो पडेल, तिथे दोष सापडतो. सर्व प्लग काढूनही तो पडत राहिला, तर ओलावा शिरलेली जोडपेटी, इन्सुलेशन खराब झालेली वायर किंवा दुसऱ्या सर्किटशी मिसळलेला न्यूट्रल अशा गोष्टी तपासाव्या लागतात, आणि ते काम मापन उपकरणे असलेल्या जाणकार वायरमनचे आहे. तोपर्यंत गैरसोय टाळण्यासाठी आरसीसीबी वगळून थेट जोडणी करून घेऊ नये. विजेचा धक्का बसलेल्या माणसाचा पुरवठा सेकंदाच्या अंशात तोडणारे ते उपकरण आहे.