उडत्या पक्ष्याच्या फोटोवर मत देताना आणि घेताना या चुका टाळा

बसलेल्या पक्ष्याच्या फोटोवर मत देणं तुलनेनं सोपं. फोटोग्राफरला विचार करायला वेळ मिळालेला असतो, त्यामुळे काही चुकलं असेल तर ते त्याच्याच पदरात पडतं. उडत्या पक्ष्याचं तसं नाही. सगळा कारभार सेकंदाच्या दोन-अडीच हजाराव्या भागात उरकतो आणि फोटो बिघडायला निदान चार ठिकाणं असतात: उभं राहायची जागा, कॅमेऱ्याची सेटिंग, ढीगभर फ्रेममधून केलेली निवड आणि नंतरचं एडिटिंग. यातल्या नेमक्या कुठे माशी शिंकली हे न सांगणारं मत कितीही परखड असलं, तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

“शार्प नाही” म्हणून मोकळं होणं

फोटो शार्प नाही हे पाठवणाऱ्यालाही दिसत असतं. त्याला हवं असतं ते कारण. मत देण्याआधी फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि डोळा, पंखांची टोकं, शेपूट, मागचं गवत असं क्रमानं बघा.

डोळा मऊ (धूसर) आहे पण मागच्या गवताची पाती न् पाती मोजता येते? मग फोकस मागे गेला. फोकस पॉइंट किंवा ट्रॅकिंगबद्दल (हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवण्याबद्दल) बोला, शटर स्पीडचं (शटर किती वेळ उघडं राहतं त्याचं) नाव काढू नका. पक्षी, पार्श्वभूमी, सगळंच एका दिशेला पुसल्यासारखं दिसतंय? कॅमेरा फिरवण्याचा वेग पक्ष्याशी जुळला नाही, किंवा हात हलला. शरीर स्वच्छ आणि फक्त पंखांची टोकं पुसट असतील, तर पॅनिंग (पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं) उत्तम जमलंय, शटर स्पीड तेवढा पंखांच्या फडफडीला पुरला नाही. लहान, चपळ पक्ष्यांना १/३२०० सेकंद सुद्धा कमी पडू शकतो, तर तरंगणाऱ्या घारीला १/१००० पुरतो. शिवाय टोकांची थोडी पुसट हालचाल पुष्कळ फोटोंना शोभतेही.

सगळ्यात जास्त फसवतं ते तापलेल्या हवेचं थरथरणं. वाळू, डांबर, मोकळं रान तापलं की पक्षी आणि लेन्स यांच्यामधली हवा हलू लागते. मग पन्नासच्या पन्नास फ्रेम मऊ येतात, कडा किंचित लहरतात आणि फोकस पुढे-मागे कुठेच सापडत नाही. अशा फोटोवर “लेन्स सर्व्हिसला टाक” असा सल्ला देणारे कमी नाहीत. बिचारा लेन्स देतो, परत आणतो आणि पुन्हा भर दुपारी लांबच्या पक्ष्यामागे लागतो. इथे शटर स्पीड वाढवून उपयोग नसतो आणि महागडी लेन्सही वाचवत नाही. अंतर कमी करणं किंवा सकाळी लवकर जाणं, एवढेच उपाय.

आणि पिसं मेणासारखी गुळगुळीत दिसत असतील, तर बहुधा कॅमेरा निर्दोष आहे. एडिटिंगमध्ये नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) काढताना हात सैल सुटलाय.

जवळच्या पंखावरून वाद घालणं

“डोळा छान आलाय, पण अलीकडचा पंख फोकसमध्ये नाही” असा शेरा फार वेळा ऐकू येतो. थोडं गणित करू. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ६०० मिमी लेन्स, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा) आणि पक्षी २० मीटरवर असेल, तर फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटर असते. राखी बगळ्याचे पसरलेले पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड मीटरहून जास्त भरतात. तो आडवा जात असेल तर एक पंख तुमच्या दिशेला येणार आणि दुसरा पलीकडे जाणार. दोन्ही टोकं स्वच्छ मिळणं शक्यच नाही.

“मग एफ/११ ठेवायचा होता” हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. खोली साधारण दुप्पट होईल, म्हणजे तरीही पाऊण मीटरच. त्यापायी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) मात्र चौपट होईल. डोळा स्वच्छ असेल तर या मुद्द्यावर गप्प बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जे बदलता येत नाही तेच सांगत बसणं

“मान इकडे वळलेली हवी होती.” हवी होती हे खरंच, पण पक्ष्याला कोण सांगणार? असं मत पूर्ण करायचं तर पुढचं वाक्य लागतं. एक शक्यता निवडीची. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी उडते पक्षी टिपण्यासाठी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला, तो सेकंदाला १२ चित्रं घ्यायचा. आज २० फ्रेम घेणारे कॅमेरे सर्रास वापरात आहेत, त्यामुळे एका झेपेतून निवडायला पंखांच्या कितीतरी स्थिती मिळतात. तरी पुष्कळ जण डोळा सर्वांत तीक्ष्ण आलेली फ्रेम उचलतात आणि पंख कुठे आहेत याकडे बघतच नाहीत. पंख अगदी शरीराच्या रेषेत आडवे असले की मोठा पक्षीही बारीक रेघ होऊन बसतो. म्हणून मत असं द्या: “घारीचा डोळा झकास आलाय. पण पंख आडवे असतानाची फ्रेम घेतलीस, त्यामुळे तिचा आवाका दिसत नाही. आधीच्या-नंतरच्या दोन-तीन फ्रेम दाखव बघू.” शेजारच्या फ्रेम मागणं ही माझ्या मते मत देणाऱ्याची सगळ्यात चांगली सवय.

दुसरी शक्यता जागेची. पक्षी शक्य तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतात. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील, तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून येणार आणि चेहऱ्यावर उजेडही पडणार. ज्याच्या सगळ्या फोटोंत पक्ष्यांच्या शेपट्याच दिसतात, त्याला सेटिंग सांगत बसण्यापेक्षा “वारा कुठून होता?” एवढं विचारा.

आपली आवड नियम म्हणून खपवणं

पक्ष्याच्या पुढे मोकळी जागा हवी, पंख गोठलेलेच हवेत, काळी आकृती म्हणजे चुकलेलं एक्स्पोजर, ही वाक्यं नियमाच्या थाटात फेकली जातात. कुणी मुद्दाम १/३० वर पंखांची लय टिपायला गेला असेल, तर “शटर स्पीड वाढव” हा सल्ला म्हणजे निव्वळ उंटावरून शेळ्या हाकणं. आधी विचारा, काय साधायचं होतं?

एक्स्पोजरबद्दल मात्र ठाम बोलायला हरकत नाही. गडद पाण्यावरून जाणारा पांढरा बगळा कॅमेरा स्वतःहून जास्त उजळ घेतो आणि पाठीवरची पिसं तपशील जाऊन कोरी पांढरी पडतात. तिथे एक्स्पोजर उणे करायला हवं. उजळ आभाळातल्या घारीला उलट, अधिक. कोरी पडलेली पिसं रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) शिल्लक आहेत का, हे विचारल्याशिवाय फोटो मोडीत काढू नका.

मत घेणाऱ्याच्या चुका

नुसतं “कसा वाटला?” विचारलं की “मस्त!” हेच उत्तर येणार. सगळे एकमेकांची री ओढतात आणि तुम्ही होता तिथेच राहता. “यात पंखांची स्थिती कमकुवत वाटते का?” असं विचारून बघा.

फोटोसोबत माहिती द्या, सबबी नकोत. उजेड नव्हता, हात भरून आले होते, शेजारच्याने धक्का दिला, हे फोटोत दिसत नाही. शटर स्पीड, एफ क्रमांक, आयएसओ, अंदाजे अंतर आणि क्रॉप (फोटोच्या कडा कापणं) किती, एवढं पुरे. क्रॉप लपवणं तर स्वतःलाच फसवणं आहे. ४५ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी दोन्ही एक तृतीयांशावर आणली की उरतात फक्त पाच मेगापिक्सेल. मग मऊपणाचं खापर लेन्सवर फुटतं. इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं असेल तर तेही सांगा. काही कॅमेऱ्यांत सेन्सर हळू वाचला जातो आणि वेगानं हलणारे पंख वाकडे उमटतात. माहीत नसलेला माणूस ते एडिटिंगच्या माथी मारतो. आणि फोटो मूळ फाइलच्या दर्जाचा पाठवा. मेसेजमधून आकसून गेलेल्या प्रतीवर शार्पनेसची चर्चा करण्यात अर्थ नाही.

पक्षी का उडाला, हे न विचारणं

या बाबतीत चांगले चांगले लोकही भिडेखातर गप्प बसतात. काठावर विसावलेला थवा एकदम उठतानाचा नाट्यमय फोटो समोर आला, तर तो आपणहून उठला की कुणी त्यांच्या दिशेनं चालत गेलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. घरट्याजवळ पुन्हा पुन्हा उडवलेला पक्षी तेवढा वेळ अंडी उघडी टाकतो, ऊन आणि शिकारी दोन्ही टपलेले असतात. असा फोटो तांत्रिकदृष्ट्या अव्वल असला, तरी त्याच्या पंखांच्या स्थितीची तारीफ करून सोडून देऊ नये.

दोन मतं उलटी आली म्हणून दोन्ही सोडून देणं

एक म्हणतो क्रॉप घट्ट कर, दुसरा म्हणतो अजून जागा सोड. मग “ज्याची त्याची आवड” म्हणून फाइल बंद केली जाते. तसं करण्याआधी दोघांचं बोट कुठे आहे ते बघा. दोघेही डाव्या कोपऱ्याबद्दलच बोलत असतील, तर उपाय वेगळे असले तरी दुखणं त्या कोपऱ्यातच आहे. तिथे बहुतेक वेळा अर्धी कापलेली फांदी किंवा दुसऱ्या पक्ष्याचा तुटका पंख निघतो, आणि तो काढायचा की पूर्ण घ्यायचा एवढंच ठरवायचं उरतं.