बझरबीटरमधील प्रशिक्षण आणि पगार : या चुका टाळा

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल व्यवस्थापनाच्या खेळात नव्याने उतरलेले मुंबईतले अनेक जण प्रशिक्षण आणि पगार हे दोन वेगळे विषय मानतात. शुक्रवारी खेळाडूंची कौशल्ये वाढलेली पाहून त्यांना समाधान वाटते आणि सोमवारी आठवड्याचा हिशेब झाला की पैसा गेला कुठे, असा प्रश्न पडतो. आज वाढवलेले कौशल्य पुढच्या हंगामात पगार होऊन समोर उभे राहते, म्हणून कोणाला काय शिकवायचे हे ठरवतानाच तो पगार आपल्याला पेलेल का, हेही ठरवायला हवे.

सर्वांत जास्त तक्रार असते ती प्रशिक्षण देऊनही खेळाडू पुढे सरकत नाही, ही. अशा वेळी त्याच्या मिनिटांकडे आधी पाहावे. ज्या स्थानासाठी (म्हणजे गार्ड, सेंटर अशा मैदानावरील भूमिकेसाठी) प्रशिक्षण लावले आहे, त्या स्थानावर आठवडाभरात 48 मिनिटे खेळल्याशिवाय पूर्ण लाभ मिळत नाही. मुंबईतल्या नागपाड्याच्या बास्केटबॉल मैदानावर वाढलेल्यांना 40 मिनिटांच्या सामन्याची सवय असते, परंतु या खेळातला सामना अमेरिकी व्यावसायिक पद्धतीचा, म्हणजे 12 मिनिटांच्या चार सत्रांचा आहे. आठवड्यात तीन सामने मिळतात, तेव्हा एका स्थानावर एकूण 144 मिनिटे हाती येतात आणि त्यांत तिघांचेच प्रशिक्षण पूर्ण होते. चौथ्याला घुसवण्याचा मोह झाला की चौघांपैकी निदान एकाचा तरी आठवडा अपुरा राहतो. दोन स्थानांचे प्रशिक्षण एकाच वेळी लावल्यास सहा जण बसतात, पण प्रत्येकाची वाढ मंदावते. संघात शिकवण्याजोगे सहा तरुण खरोखरच असतील, तरच हा मार्ग घ्यावा.

मिनिटे कमी पडण्याचे दुसरे कारण म्हणजे फाऊल. ज्याला एकाच सामन्यात पूर्ण 48 मिनिटे द्यायची आहेत, तो तिसऱ्या सत्रात फाऊल भरून बाहेर गेला, तर उरलेली मिनिटे दुसऱ्या सामन्यात भरून काढावी लागतात. म्हणून आठवड्यातल्या शेवटच्या सामन्याची संघरचना आधीच ठरवून मोकळे होऊ नये; पहिल्या दोन सामन्यांतील मिनिटे पाहून मगच ती पक्की करावी. संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर हे काम होते, मात्र संघरचना देण्याची मुदत संपण्याची वेळ भारतीय वेळेनुसार आधी तपासून ठेवावी.

मिनिटे पुरेशी असूनही वाढ थांबली असेल, तर वय, उंची आणि क्षमतेची मर्यादा, म्हणजे खेळाडू जास्तीत जास्त किती वाढू शकतो, हे पाहावे. अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू झपाट्याने शिकतो, पुढे वेग घटत जातो. उंच खेळाडूला बास्केटजवळची कौशल्ये लवकर येतात, तर बुटक्याला चेंडूवरचा ताबा आणि पासिंग. मर्यादेला टेकलेल्या खेळाडूवर आणखी हंगाम घालवणे म्हणजे मिनिटांची उधळण होय.

आता पगाराकडे वळू, कारण खरे नुकसान तिथे होते. पगार ठरतो तो खेळाडू ज्या स्थानावर सर्वांत महाग ठरेल, त्या स्थानाच्या मुख्य कौशल्यांवरून. सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, फक्त इनसाइड शॉट (जवळून फेक), इनसाइड डिफेन्स (जवळचा बचाव) आणि रिबाउंडिंग (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणे) शिकवत राहिले की त्याचा पगार भरमसाट वाढतो, आणि चेंडू हाताळणे व पासिंग कच्चे राहिल्याने तो चेंडू मात्र गमावत राहतो. त्याच सेंटरला काही आठवडे गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेऊन पास देणाऱ्याच्या, स्थानावर खेळवून पासिंग शिकवले, तर संघाचा फायदा होतो आणि पगारावर फारसा भार पडत नाही. यात काही सामने हातचे जातील. तरुण संघासाठी ती किंमत मोजावी, असे माझे ठाम मत आहे.

पगार हंगामभर तोच राहतो आणि हंगाम बदलताना एकदम नव्याने ठरतो. हंगामाच्या चौदा आठवड्यांत झालेली वाढ त्यामुळे तोपर्यंत खर्चात दिसत नाही, आणि शिल्लक बरी आहे असे समजून व्यवस्थापक आणखी एक महागडा खेळाडू विकत घेतो. नवे पगार लागू झाले की दर आठवड्याला तोटा सुरू होतो. हे टाळण्यासाठी हंगामाच्या शेवटच्या काही आठवड्यांत आपल्याच लीगमधील तशाच कौशल्यांच्या खेळाडूंचे पगार पाहून अंदाज बांधावा आणि उत्पन्न मोजताना घरच्या मैदानावर एकही सामना नसलेला आठवडा गृहीत धरावा.

तोटा सुरू झालाच असेल, तर शिकणाऱ्या तरुणांना विकून खड्डा भरू नये. आधी राखीव बाकावर बसून मोठा पगार घेणारा वयस्क खेळाडू लिलावात काढावा आणि तो पुढच्या सोमवारच्या हिशेबाआधी विकला जाईल, अशा बेताने किंमत ठेवावी. खरेदीची रक्कम वसूल होईपर्यंत थांबणारे अनेक जण तेवढ्या आठवड्यांचा पगार वर भरतात.