आकाशात काहीतरी विचित्र दिसलं? एलियन म्हणायच्या आधी हे करा

बाहेर कुठेतरी जीवसृष्टी असावी असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच सांगतो, विचित्र काही दिसलं की लगेच ग्रुपवर "यूएफओ!!" टाकू नका, आधी नोंद करा. वेळ अगदी मिनिटासकट, दिशा, रंग, किती वेळ दिसलं, लुकलुकत होतं की स्थिर. उंचीसाठी हात सरळ ताणून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश, क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते लिहा. "खूप मोठं होतं" लिहून उपयोग नाही कारण अंतर माहीत नसेल तर खरा आकार कळतच नाही. व्हिडिओ काढताना फोन कशाला तरी टेकवा आणि फ्रेममध्ये झाड किंवा खांब येऊ द्या, नाहीतर हलतो आपला हात आणि वाटतं वस्तूच उडतेय. फुल झूम केलेला, फोकस गेलेला शुक्र तर हुबेहूब थाळी दिसतो.

मग ओळखीच्या गोष्टी एकेक करून बाद करा. संध्याकाळी ठिपक्यांची सरळ रांग गेली तर बहुतेक स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. चालता चालता ठिपका हळूहळू विझला तर उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला. डोंगरावर थाळीसारखा ढग तासभर जागचा हलत नाही, तर तो लेंटिक्युलर ढग, डोंगर ओलांडताना हवेची लाट तयार होते आणि लाटेच्या माथ्यावर बाष्पाचा ढग बनत राहतो, वारा आरपार जातो पण ढग तिथेच.

आता समजा हातात सँपलच आहे. २००१ मध्ये केरळात लाल पाऊस पडला, महिना दोन महिने अधूनमधून पडत होता, आणि त्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतीच्या लालसर पेशी दिसल्या, धूळ नव्हे, पेशी! त्या अंतराळातून आल्या असाही दावा झाला. पण तपासणाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली, जिथे पाऊस पडला तिथली झाडं आणि दगड बघितले, तर त्यांच्यावर ट्रेंटेपोहलिया नावाचं शेवाळ भरपूर, आणि पावसातले कण म्हणजे त्याचेच बीजाणू. तेव्हा सँपल मिळालं की वर बघण्याआधी आजूबाजूला बघा, आणि आजूबाजूचंही सँपल घ्या.

आजूबाजूला न बघण्याची हीच चूक उपकरणांच्या बाबतीत मोठमोठ्यांची पण होते हं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला कितीतरी वर्षं विचित्र सिग्नल मिळत होते, २०१५ मध्ये कळलं की तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार तो बंद व्हायच्या आधी उघडलं की ते येतात.

एवढं करूनही काही उरलं तर? मला इथेच खरी मजा येते. १९६७ मध्ये खगोलशास्त्राच्या विद्यार्थिनी जोसलिन बेल यांना दर १.३३ सेकंदाला येणारा रेडिओ ठोका सापडला, इतका नियमित की त्याला गमतीने "छोटी हिरवी माणसं" असं नाव पडलं. त्यांनी जुने कागदी आलेख फूट फूट तपासले आणि आकाशात भलतीकडेच दुसरा तसाच ठोका सापडला, दोन वेगळ्या ठिकाणचे जीव एकाच वेळी एकाच पद्धतीने हाक मारतील हे पटणारं नव्हतं. निघाला पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, मोठ्या ताऱ्याचा स्फोटानंतर उरलेला अतिघट्ट गाभा. एलियन नाही मिळाले पण नवीन प्रकारचा तारा मिळाला, मला तर हे कमी वाटत नाही.

म्हणून "याचं स्पष्टीकरण नाही" हा पुरावा धरू नका. पुरावा म्हणायला जीवाशिवाय बनूच शकत नाही असं काहीतरी हवं, आणि ते दुसऱ्या कोणीतरी वेगळ्या उपकरणाने पुन्हा बघायला हवं. १९७७ मध्ये एका रेडिओ दुर्बिणीला मिळालेला "वॉव" नावाचा सिग्नल ७२ सेकंद आला, कितीदा शोधूनही परत मिळाला नाही, त्यामुळे आजही तसाच लटकलाय. तुमच्या नोंदीतही असं काही उरलं तर त्यापुढे "अजून कळलं नाही" लिहा, मूळ फाइल एडिट न करता ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथेच उभं राहून पुन्हा बघा.