गाडी सर्व्हिसिंगला सोडताय? जॉबकार्ड, जुने पार्ट आणि नेलपॉलिशचा ठिपका

आमच्या बेळगावात शोरूमवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर आहे, "नाळे बर्री". उद्या या. उद्या गेलं की पार्ट हुबळीहून निघालाय, परवा गेलं की मेकॅनिक सुट्टीवर, मग आपला आवाज चढतो, चार गिऱ्हाईकं माना वळवून बघतात, मॅनेजर केबिनमध्ये नेऊन चहा पाजतो आणि आपण थंड होऊन घरी, गाडी तशीच. मी दोन वर्षं हेच करत होतो. चहा चांगला असतो तिथला, त्याबद्दल तक्रार नाही, पण एवढ्या भांडणातनं हातात कागद एकही आला नाही, आणि पुढं कंपनीकडं जा नाहीतर ग्राहक आयोगात जा, पहिलं विचारतात ते कागद काय आहे.

म्हणून सगळं सुरू होतं गाडी सोडतानाच, जॉबकार्डवर, म्हणजे गाडीचा दोष आणि करायचं काम लिहून घेतात त्या कागदावर. आपल्या भागात काय गंमत होते बघा, आपण मराठीत सांगतो "साठच्या वर गेलं की डावीकडनं गुंईऽ असा आवाज येतोय", अ‍ॅडव्हायझर (गाडी ताब्यात घेणारा शोरूमचा माणूस) ते आतल्या मेकॅनिक पोराला कन्नडात सांगतो आणि कार्डावर इंग्रजीत पडतं "नॉईज चेक". झालं, साठ गेलं, डावी बाजू गेली, गुंई पण गेली. संध्याकाळी त्या पोरानं आवारात एक फेरी मारून "नॉईज नाही" लिहिलं तर तो काही खोटं बोलत नाही, आवारात साठचा स्पीड येणार कुठनं. तेव्हा सरळ सांगायचं, "अण्णा, मी सांगतो तसंच लिहा, नाहीतर कार्ड इकडं द्या, मी लिहितो." किती स्पीडला, कुठल्या गिअरात, इंजिन थंड असताना की गरम, कुठल्या बाजूनं, किती किलोमीटरपासून. मग सही. सहीच्या आधी किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा बरोबर लिहिलाय का बघा, आणि कॉपी घेतल्याशिवाय हलू नका. आता बरेच जण टॅबवर सही घेतात, तर त्या स्क्रीनचा फोटो काढा. आवाजाचा प्रॉब्लेम असेल तर आधीच शेजारी कुणाला बसवून व्हिडिओ करा ज्यात मीटर दिसतंय आणि आवाजही येतोय, आणि तो व्हिडिओ ज्या मोबाईलवर काढला त्यातनं डिलीट करू नका. जमलं तर टेक्निशियनला शेजारी बसवून खानापूर रोडला एक चक्कर मारून आणा, त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं की अर्धं काम होतं.

एस्टिमेट लेखी घ्या आणि सांगा की ह्याच्या वर काहीही करायचं तर आधी फोन. इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट, इंजेक्टर क्लीनिंग असली नावं बिलात येतात, त्यातलं तुमच्या सर्व्हिस बुकात त्या किलोमीटरला काय लिहिलंय तेवढंच करून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे, बिलात २८ दिसला तर तिथंच बोट ठेवा.

आता जुन्या पार्टचं. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडं परत जातो, तो मागून उपयोग नाही. पण ज्याचे पैसे तुम्ही भरलेत तो जुना पार्ट तुमचा, आणि "जुने पार्ट परत द्यावेत" हे वाक्य गाडी सोडतानाच कार्डावर लिहून घ्यायचं, बिल झाल्यावर मागितलं की "भंगारात गेलं सर" हे उत्तर तयार असतं. माझंच सांगतो. गेल्या पावसाळ्यात कणकुंबीकडनं येताना खड्ड्यांत पुढनं टकटक सुरू झाली, शोरूममध्ये सांगितलं दोन्ही लिंक रॉड (पुढच्या सस्पेन्शनमधले छोटे दांडे, दोन्ही बाजूंना एकेक) गेलेत. उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेले माझे मामा आहेत, ते म्हणाले सोडायच्या आधी दोन्हीवर खूण करून ठेव. खूण कशाची, तर बायकोची नेलपॉलिश. (ती कशाला पाहिजे हे समजावण्यात दहा मिनिटं गेली, लिंक रॉड बदलायला तेवढाच वेळ लागत असेल.) चाकं वळवून दोन्हीकडं नटाच्या शेजारी एकेक लाल ठिपका ठेवला. संध्याकाळी बिल हातात, दोन लिंक रॉड, लेबर वेगळा. घरी आणून मोबाईलची बॅटरी लावून बघतोय तर उजवीकडं नवा कोरा रॉड, ग्रीस अजून चमकतंय, आणि डावीकडं खानापूरची लाल माती वाळून खपली धरलेली आणि मधोमध माझा ठिपका. पिशवीत मात्र जुने रॉड दोन. दुसरा कुठल्या गाडीचा होता देव जाणे.

ह्यावेळी ओरडलो नाही. आधी फोटो काढले, दुसऱ्या दिवशी जाऊन वर्क्स मॅनेजरला म्हटलं गाडी लिफ्टवर घ्या आणि तुम्हीच बघा. तो खाली उभा राहून वर बघत होता तेव्हा त्याला काही सांगावं लागलं नाही. दुरुस्त केलेलं बिल, पैसे परत आणि डावा रॉड अर्ध्या तासात. पोरगं चुकलं म्हणाला, असेलही. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर ह्यांच्या बाहेरच्या अंगावर हीच खूण चालते, बॅटरीचा सीरियल नंबर आणि टायरचे नंबर फोटोत ठेवा. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर मात्र काही फासू नका.

बाहेरनं पार्ट घेत असाल तर डब्यावर पार्ट नंबर, एमआरपी, तो बनल्याचा महिना-वर्ष, कंपनीचा पत्ता हे सगळं छापील पाहिजे, आणि पक्कं बिल, ज्यावर दुकानदाराचा जीएसटी नंबर आणि तोच पार्ट नंबर आहे. कच्च्या पावतीवर शंभर-दोनशे वाचतात आणि पार्ट सहा महिन्यांत गेला की दुकानदार आपल्याला ओळखत पण नाही. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा त्या त्या कंपनीची वेगळी असते, तिचं कार्ड वेगळं सांभाळा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर हे झिजणारे म्हणून वॉरंटीत धरत नाहीत, आणि चोर्ला घाटातनं जाऊन आलात असं बोलण्यात आलं तर क्लच तुम्हीच जाळला असं लगेच लिहितील, तेव्हा गरजेपेक्षा जास्त गप्पा नकोत.

तोच दोष दुसऱ्यांदा आला तर नवीन जॉबकार्ड, आणि त्यावर "आधीच्या अमुक तारखेच्या कार्डातलाच दोष" असं लिहून घ्यायचं. ओळखीचा मेकॅनिक "तसंच आणा की, कार्ड कशाला" म्हणतो तेव्हा तो आपल्याला मदत करत नाही, स्वतःच्या खात्यातला रिपीट जॉब लपवतोय. आणि दुसऱ्या खेपेपासून नुसतं डीलरशी बोलू नका, कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका, दोन्ही जॉबकार्ड जोडून. ह्याला कारण आहे. शेजारच्या गोव्यातली एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, माणसानं २०११ मध्ये नवीन म्हणून घेतलेली गाडी २००९ ची निघाली, वर ६२२ किलोमीटर चाललेली. २०२१ मध्ये कोर्टानं कंपनीला सोडलं, कारण डीलर हा स्वतंत्र धंदेवाला आणि त्यानं काय केलं हे कंपनीला माहीत होतं असं पुढं आलं नव्हतं. म्हणजे आपण काय करायचं, कंपनीला माहीत करून द्यायचं, तारखेसकट. ईमेल इंग्रजीत, दहा ओळी, शिव्या नाहीत, शेवटी काय पाहिजे ते स्पष्ट: पार्ट बदलून, पैसे परत, का दुसऱ्या वर्कशॉपला तपासणी.

त्याच केसवरनं आठवलं, नवीन गाडी घेताना रजिस्ट्रेशनच्या आधी चेसिस नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष बघून घ्या. टायरवरच्या कोडाचे शेवटचे चार आकडे बघा, ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. गाडी ह्या महिन्यातली आणि टायर दीड वर्षापूर्वीचे असले तर विचारा कसं काय.

दुरुस्ती झाली नाही आणि तरी डिलिव्हरीच्या कागदावर "काम समाधानकारक" म्हणून सही मागतात, तिथं सहीच्या वर लिहा की आवाज अजून येतोय, गाडी नाइलाजानं नेत आहे. दोन दिवसांनी फीडबॅकचा फोन येतो आणि अ‍ॅडव्हायझरनं आधीच हात जोडलेले असतात, सर प्लीज दहापैकी दहा द्या. त्याला वाईट वाटतं म्हणून दहा दिले की तो रेकॉर्ड तुमच्याच विरोधात. काम झालं असेल तर द्या की मनापासून, नसेल तर काय राहिलंय ते सांगा. माझ्या अनुभवात जेवढी पळापळ खालच्या मार्कानं होते तेवढी ओरडून होत नाही.

ह्यानं भागलं नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोललं तरी चालतं, कन्नडात पण. तक्रार नोंदवून ते कंपनीकडं पाठवतात, निकाल देत नाहीत, पण बऱ्याच कंपन्या ह्या टप्प्यावर हलतात. नाही हलल्या तर नोटीस द्या, वकिलाची असलीच पाहिजे असं नाही. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा स्पीड पोस्टनं पोचपावतीसकट पाठवा, एक डीलरला एक कंपनीला.

मग जिल्हा ग्राहक आयोग. निपाणी, चिकोडीकडच्या लोकांचा नेहमीचा प्रश्न, गाडी कोल्हापूरच्या शोरूमची, केस तिकडं घालायची का? गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे निपाणीच्या माणसाला बेळगाव. डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ही रक्कम म्हणजे तुम्ही मोजलेले पैसे. सर्व्हिसिंगच्या बिलाचं भांडण असेल तर ५ लाखांच्या आतलं असतं, फी शून्य. गाडीच सदोष म्हणत असाल तर गाडीची किंमत धरतात, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, त्यावर ५० लाखांपर्यंत १०००. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होतं, वकील सक्तीचा नाही. अर्ज इंग्रजीत टाइप करून घेतलेला सोयीचा. टॅक्सीवाल्यांनाही सांगतो, एक गाडी घेऊन स्वतः चालवून पोट भरत असाल तर "धंद्याची गाडी" म्हणून तुम्हाला बाहेर काढता येत नाही, कायद्यात तसं लिहिलंय.

अर्जात मोठं काही लिहायचा मोह होतो, "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट, गाडी बदलून द्या". ते सिद्ध करायला तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो, आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो, पण त्यात वेळ जातो. एकच दोष तीन जॉबकार्डांवर आहे आणि तीनदा पैसे घेतले, ही सेवेतली त्रुटी, ती कागदावरच दिसते. मी तरी आधी हीच मांडेन. कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी असेल तर पाच, प्रत्यक्षात ह्याच्यापेक्षा जास्त धरून चाला.

एक तारीख मात्र आजच मोबाईलवर लावून ठेवा. दोष पहिल्यांदा कार्डावर चढला त्या दिवसापासून दोन वर्षं मोजा आणि त्याच्या आत तक्रार दाखल करा, कारण "नाळे बर्री" म्हणून घालवलेले दिवस त्यातनं कुणी वजा करत नाही.