पाणी नेलंत, त्याचं काय निघालं? रिसर्चचे निकाल लोकांपर्यंत कसे पोचवायचे

काही वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटवरच्या (खतं, सांडपाणी यांतून पाण्यात उतरणारा क्षार) एका प्रोजेक्टवर मी काम करत होते. गावोगाव फिरून सॅम्पल घेतले, लॅबचे आकडे आले, फंडिंग देणाऱ्यांना रिपोर्ट गेला, कॉन्फरन्समध्ये पोस्टर लागलं, आणि मग दीडेक वर्षाने दुसऱ्याच कामासाठी त्यातल्या एका गावात गेले तर एका काकूंनी मला ओळखलं आणि विचारलं, "ताई, आमच्या विहिरीचं दोन बाटल्या पाणी नेलं होतंत ना, त्याचं काय निघालं?" त्यांच्या विहिरीचा आकडा मला माहीत होता, तो मर्यादेच्या वर होता, आणि घरातले सगळे तेच पाणी पीत होते. तरी इतके दिवस त्यांना तो का सांगितला नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही प्रोजेक्ट असो, ज्याच्याकडून सॅम्पल, वेळ किंवा माहिती घेतली त्याला निकाल सगळ्यात आधी सांगायचा हा क्रम मी पक्का केलाय. हे कसं करायचं ते सविस्तर लिहितेय, कारण नवीन मुलं प्रोजेक्टला लागतात तेव्हा त्यांना सॅम्पलिंग शिकवतात, स्टॅटिस्टिक्स शिकवतात, पण निकाल सांगायला कोणी शिकवत नाही. उदाहरण पाण्याचं घेतलंय, तुम्ही आरोग्यात असा, शेतीत असा की शिक्षणात, गोष्टी थोड्याफार त्याच.

सुरुवात प्रपोजल लिहितानाच करायची. निकाल सांगायला पैसे लागतात, गावात परत जायचं तर गाडी लागते, मराठीत पत्रकं छापायची तर डिझाइन आणि छपाई लागते, आणि हे बजेटमध्ये नसेल तर शेवटच्या तीन महिन्यांत कोणाकडेच पैसे उरत नाहीत, उरतो तो फक्त युटिलायझेशन सर्टिफिकेटचा (पैसे ठरल्या कामालाच वापरले याचा दाखला) गोंधळ. म्हणून प्रपोजलमध्ये निकाल सांगण्याचा खर्च वेगळा दाखवा आणि तो कशासाठी ते दोन वाक्यांत लिहा. टाइमलाइनमध्येही गावात परत जायचे दिवस आत्ताच टाका, नाहीतर ते दिवस डेटा एन्ट्री खाऊन टाकते.

निकाल हातात आले की आधी एक वाक्य लिहायचं. एकच. ते वाक्य तुमच्या आईला, नाहीतर रिक्षावाल्या दादांना वाचून दाखवा आणि "मग काय करायचं?" असा प्रश्न त्यांच्याकडून आला तर वाक्य जमलं समजा. "अभ्यासक्षेत्रातील भूजलात नायट्रेटचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले" हे वाक्य ऐकून कोणी काही विचारत नाही. "तुमच्या गावातल्या २० विहिरींपैकी ६ विहिरींचं पाणी तान्ह्या बाळाला देण्यासारखं नाही" असं म्हटलं की (आकडे नुसते समजण्यापुरते घेतलेत) लगेच पहिला प्रश्न येतो की कुठल्या सहा.

आकडे सांगायची पद्धत गडचिरोलीच्या कामातून शिकण्यासारखी आहे. तिथे काम करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, १०० तल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या १०० मध्ये फक्त ८. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुढचं भाषण लागतच नाही. नंतर त्यांचा घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास १९९९ मध्ये आला, ३९ गावांत काम आणि तुलनेला ४७ गावं. काम झालेल्या गावांत हजार जिवंत जन्मलेल्या बाळांमागे पहिल्या महिन्यात ६२ बाळं दगावायची, ती २५ च्या आसपास आली. आता हेच नुसतं टक्क्यांत सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला कशाचे टक्के तेच कळलं नसतं. टक्के एकटे कधीच सांगू नका, किती होते आणि किती झाले ते आधी सांगा.

आणि त्याच कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे श्वास मोजायचं साधन. बाळाला न्यूमोनिया आहे का हे श्वासाच्या वेगावरून ओळखायचं, पण मोजता न येणाऱ्या दाईला ते कसं सांगायचं? तर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत सरकवायचे मणी. एवढं सगळं ज्ञान मण्यांत बसवलं! पुढे ही घरी जाऊन बाळ बघायची पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली, आणि मला वाटतं ती इतकी लांब गेली कारण वापरणाऱ्या बाईच्या हातात बसेल अशा रूपात ती पहिल्यापासून होती.

आता गावात प्रत्यक्ष कसं सांगायचं. ज्यांच्या विहिरीचा निकाल वाईट आहे त्यांना आधी घरी जाऊन एकट्यात सांगा. सभेत सगळ्यांसमोर "अमक्याची विहीर खराब" असं झालं की माणूस दुखावतो आणि पुढच्या वेळी सॅम्पल देत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. त्यानंतर ग्रामसभा. आपल्याकडे ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास असते, तर त्यातली एक तारीख धरून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी भेटून विषयपत्रिकेत विषय घालून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा व्हायला हवी असा नियम आहे, तिथे नक्की बोला, कारण पाणी भरणाऱ्या त्याच आणि खरे प्रश्न तिथेच येतात. प्रोजेक्टर नेऊ नका, लाइट जाते. गावाचा मोठा हाताने काढलेला नकाशा न्या, त्यावर विहिरी, हापसे, देऊळ, शाळा दाखवा, आणि हिरवे-लाल ठिपके लावा, रंग लोकांना ओळखीचे आहेत कारण ग्रामपंचायतीला पाण्यासाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतंच.

इथे एक अतिशय महत्त्वाची गोष्ट. निकाल सांगितला की लोक आपापला उपाय करतात, आणि तो चुकीचा असू शकतो. पाणी खराब म्हटलं की घरातली बाई पाणी उकळते. जंतूंसाठी ते बरोबरच, पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की ते थोडं दाटच होतं. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकूनही जात नाही. म्हणजे अर्धवट सांगितलेला निकाल नुकसान करू शकतो. म्हणून काय करायचं हे जितकं सांगाल तितकंच काय करून उपयोग नाही हेही सांगा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध देत असतील तर ते या पाण्यात कालवू नका हे वेगळं, दोनदा सांगा, आणि जवळची चांगली विहीर कुठली ते नकाशावर बोटाने दाखवा.

अधिकाऱ्यांसाठी एक पान. गटविकास अधिकारी असोत की जिल्हा परिषदेचे पाणीपुरवठ्याचे लोक, साठ पानी रिपोर्ट कोणी उघडत नाही आणि त्यांच्या टेबलावरचे गठ्ठे बघितले की रागही येत नाही. त्या पानावर वर गावांची नावं आणि आकडे, शेजारी मानक (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सूट नाही), आणि खाली मागणी. मागणी त्यांच्या अधिकारात बसणारी हवी. "शासनाने उपाययोजना करावी" याला काही अर्थ नाही, "या सहा विहिरींचे नमुने जलसुरक्षकामार्फत परत घेऊन भूजल विभागाच्या प्रयोगशाळेत तपासावेत" हे करता येतं (जलसुरक्षक म्हणजे ग्रामपंचायतीचा पाण्याचे नमुने घेणारा माणूस). शेती विद्यापीठातल्या लोकांना ही सवय असते, कारण राज्यातल्या चारही शेती विद्यापीठांच्या जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे संशोधनाच्या शिफारशी ठरवणाऱ्या एकत्र बैठकीत, शिफारस मांडताना किती, कधी, कोणासाठी हे नेमकं लिहावं लागतं.

पेपरवाल्यांना घाबरू नका पण तयारीने जा. दोनशे शब्दांची मराठीतली नोट स्वतः लिहून द्या, आणि ज्याचा अर्थ ओढूनताणून लावला जाईल ते वाक्य स्वतःच साफ करा, म्हणजे "यामुळे कॅन्सर होतो का?" याचं उत्तर नोटमध्येच असू द्या, "आमच्या अभ्यासात ते तपासलेलं नाही". बातमी येण्याआधी गावाला माहीत असायलाच पाहिजे, गावाने पेपरात वाचून कळायला नको.

व्हॉट्सॲपवर तर निकाल जाणारच, तर तुम्हीच नीट करून पाठवा. पीडीएफ कोणी उघडत नाही. एक इमेज, अक्षरं मोठी, लहान फोनवर वाचता येतील अशी, आणि इमेजवरच तारीख आणि गावाचं नाव, कारण तारीख नसलेली इमेज तीन वर्षांनी भलत्याच तालुक्यात फिरते. सोबत दीड मिनिटाची ऑडिओ क्लिप, शक्यतो गावातल्याच आशाताईंच्या आवाजात, त्यांच्या बोलीत.

फंडिंग एजन्सीच्या रिपोर्टचं थोडक्यात सांगते. प्रपोजलमधली उद्दिष्टं एकेक करून घ्या आणि प्रत्येकाखाली काय झालं ते लिहा, न झालेलं लपवू नका. खर्चाचे कागद, युटिलायझेशन सर्टिफिकेट केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए च्या नमुन्यात, हे अकाउंट्स विभागाला महिनाभर आधी मागा. रिसर्च पेपरमध्ये, पोस्टरवर, गावातल्या पत्रकावरही ग्रँट नंबर आणि आभार. आणि गावसभेचे फोटो, ठरावाची प्रत, अधिकाऱ्याचं उत्तर आलं असेल तर ते, सगळं जोडा.

"पण पेपर छापून यायच्या आधी सांगितलं तर जर्नल नाकारेल ना?" हे मला दर वेळी विचारतात. गावकऱ्यांना त्यांच्या विहिरीचा आकडा सांगणं म्हणजे पेपर छापणं नव्हे, शंका असेल तर जर्नलला एक ईमेल करून विचारा. तब्येतीला धोका असेल तर मात्र थांबायचा प्रश्नच येत नाही, नमुना परत तपासून खात्री करा आणि त्याच आठवड्यात कळवा. पेटंटचं वेगळं आहे, तिथे खरंच आधी बोललात तर हक्क जाऊ शकतो, म्हणून प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज आधी भरा, मग बोला, पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात.

काहीच नाही निघालं तर? तेही सांगायचं. सगळ्या विहिरी चांगल्या निघाल्या ही त्या गावासाठी मोठी बातमी आहे. आणि तुमचा फिल्टर चालला नाही तर तेही सांगा, नाहीतर उद्या दुसरं कोणीतरी तोच फिल्टर घेऊन त्याच गावात जाईल.

सहा महिन्यांनी परत एक चक्कर मारा. दहा घरांत बसा, चहा घ्या आणि विचारा की आम्ही काय सांगितलं होतं, आठवतं का. माझ्या वहीत अशा उत्तरांची पानं आहेत आणि पुढच्या गावाची पत्रकं मी त्यावरूनच लिहिते. त्या काकूंच्या गावात आम्ही नंतर गेलो, उशिरा का होईना नकाशा लावला, आणि त्या स्वतः उठून आपल्या विहिरीच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून शेजारणीला सांगत होत्या की उकळून काही होत नाही गं, शाळेजवळच्या हापशाचं आण.