बंदुकीचे स्क्रू सारखे ढिले होतात? या चुका टाळा

खंडेनवमीला आमच्याकडं वडिलांची बारा बोरची दुनळी बाहेर निघते. पुसायची, तेलानं न्हाऊ घालायची, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. आणि दरवर्षी त्याच दिवशी कुणीतरी म्हणणार, "ट्रिगर गार्डचा स्क्रू हलतोय बघ." मग टेस्टर शोधायचा, पिळायचं, झालं. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. एकच स्क्रू दोनदा सुटला तर पिळणं थांबवा आणि तो का सुटतोय ते बघा.

हात लावायच्या आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते डोळ्यांनी बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

पहिली चूक तो टेस्टरच. त्याचं पातं पाचरीसारखं टोकाकडं निमुळतं असतं, बंदुकीच्या स्क्रूची खाच मात्र सरळ उभी. पातं खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं, जोर दिला की उसळतं आणि खाच फाटते. वर चरा पडतो तो वेगळाच. पातं खाचेच्या रुंदीचं, समांतर घासलेलं आणि तळापर्यंत जाणारं हवं. खाचेत तेलात मुरलेलं कुंकू घट्ट बसलेलं असतं, ते आधी काडीनं कोरून काढा.

दुसरी चूक, तेल जास्त. आट्यांत तेल राहिलं की बार काढल्याच्या धक्क्यानं स्क्रू हळूहळू मागं फिरतो. त्याहून वाईट म्हणजे बंदूक दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडी भागावर, उभी ठेवली की तेल ओघळून लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि स्क्रूला धरायला काही उरत नाही. तेल दिल्यावर काही दिवस नळीचं तोंड खाली करून ठेवा.

आता लाकडाचं. राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसात दस्ता फुगतो, चैत्रात आटतो. उन्हाळ्यात स्क्रू हलला म्हणून ताकद लावून आवळला की पावसाळ्यात फुगणारं लाकूड लोखंडाखाली चेंगरतं. उलट दस्ता ढिला ठेवून बार काढले, तर प्रत्येक धक्क्याला लोखंड लाकडावर आदळतं आणि मुठीजवळ चीर जाते. म्हणून बेतानं आवळायचं, आणि मृगाच्या आधी नि दिवाळीनंतर असं दोनदा तपासायचं. लाकडातल्या स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर बांबूची बारीक काडी फेविकॉल लावून आत बसवा, रात्रभर वाळू द्या.

धातूतल्या धातूत बसणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) चालतो, पण लाल नको. तो सोडवायला सुमारे २५० अंश उष्णता लागते, म्हणजे बंदुकीचा रंग आणि शेजारचं लाकूड दोन्ही गेलं. बारीक स्क्रूला जांभळा (लॉकटाइट २२२), मोठ्याला निळा, आणि एकच थेंब. आटे आधी ॲसिटोननं पुसा. पूर्ण पकडायला २४ तास द्या. फेविक्विकचं नावही काढू नका.

मग स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

स्क्रू हरवलाच तर? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काय बनत नाही, पण इथं तो मोह आवरा. जुन्या विलायती बंदुकांचे आटे मेट्रिक नसतात. जवळपासच्या मापाचा स्क्रू ठोकून बसवला की मूळ भोकाचे आटे जातात. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदूकदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक दुकानदाराकडंच जा.

निवडणुकीत बंदूक जमा करायची वेळ आली की मी आधी प्रत्येक स्क्रूचा मोबाईलवर जवळून फोटो काढतो. पावतीवर बंदुकीचा नंबर असतो, स्क्रूची खाच कुठल्या दिशेला होती ते नसतं.