नायट्रो घेऊ का इलेक्ट्रिक? पैसे देण्याआधी एवढं वाचा

नागपुरात नंदनवनला माझं दुचाकीचं गॅरेज आहे आणि मागच्या टेबलावर एखादी आरसी कार, म्हणजे रिमोटवर पळणारी छोटी गाडी, कायम उघडून पडलेली असते. नायट्रो म्हणजे छोट्या इंजिनात फ्यूल जाळून पळणारी, इलेक्ट्रिक म्हणजे बॅटरी-मोटरवाली. ती दिसली की पोरं विचारतात, "काका, नायट्रो घेऊ का इलेक्ट्रिक? जास्त कोणती पळते?" पळण्याचं सोड म्हणतो मी. थ्री-एस (तीन सेलच्या) बॅटरीवरची चांगली ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशच्या मोटरची, गाडी त्याच साइजच्या नायट्रोला सुरुवातीच्या झेपेतच मागे टाकते, तो वाद केव्हाच मिटला. मी उलट विचारतो: चालवशील कुठे, फ्यूल आणशील कुठून, आणि हातात पेचकस धरायची हौस आहे का?

आधी जागा. मनीषनगर-त्रिमूर्तीनगरकडच्या एखाद्या फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर नायट्रोचा विषय तिथेच संपला. ते इंजिन मिनिटाला 30 हजारांच्या वर फेरे मारतं. खाली पार्किंगमध्ये सुरू करा, सोसायटीचे अध्यक्ष चहा अर्धा टाकून खाली येतात. शिवाय सायलेन्सरमधून तेलकट धूर येतो, फरशीवर डाग पडतात. बेसा-पिपळ्याकडे अजून घरं न झालेले लेआऊट आहेत, तिथे ओळखीच्या मालकाला विचारून रविवारी सकाळी चालवता येते. फुटाळा तलावाच्या गर्दीत मात्र दोन्हींपैकी कोणतीच नको. दोन किलोची गाडी पन्नासच्या स्पीडने कोणाच्या घोट्यावर बसली तर हाड मोडतं.

आता फ्यूल. "पेट्रोल टाकलं तर?" हा प्रश्न दर महिन्याला येतोच. नाही चालत, बाप्पा. या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्याच्या प्लॅटिनमच्या तारेला सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवायचं. इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्यायचा, पुढे मिथेनॉलच्या वाफेशी होणारी क्रिया आणि दाबाची गरमी त्या तारेला लाल ठेवते. पेट्रोलवर हे जमत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या आरसी असतात, पण त्या मोठ्या, 1/5 साइजच्या (खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्शाच्या), स्पार्क प्लगवाल्या.

नायट्रो फ्यूल म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. गाड्यांसाठी नायट्रोचं प्रमाण बहुधा 16 ते 30 टक्के असतं. विमानवाल्यांचं फ्यूल मिळालं तर उचलू नका, त्यात नायट्रो कमी आणि तेल जास्त असतं, सेटिंग सगळं बिघडतं. हे मिश्रण ज्वलनशील आणि विषारी, त्यामुळे साधं कुरिअर ते घेत नाही. म्हणून गाडीच्या आधी फ्यूलवाला शोधा, आणि तो पावसाळ्यातही देतो का ते विचारा. हिशोब सोपा आहे: 1/10 गाडीची टाकी साधारण 75 सीसीची, चालते आठ-दहा मिनिटं. म्हणजे एक लिटर दोन तासांत संपलं. आणि एक गोष्ट लहान पोरं असलेल्या घरात पक्की सांगा: मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. आपल्या उन्हात तर नाहीच. टाकी भरताना सिगारेटवाल्याला लांब उभा करा, आणि फ्यूलचा डबा पाण्याच्या बाटल्यांजवळ कधीही ठेवू नका.

माझा खरा जीव मात्र सुईत. कार्बोरेटरवर हात बसलेल्या माणसाला नायट्रो इथेच पकडते. हाय-स्पीड सुई, म्हणजे फुल वेगात किती फ्यूल जाईल ते ठरवणारा स्क्रू, आत फिरवली की मिश्रण लीन (फ्यूल कमी), बाहेर काढली की रिच (फ्यूल जास्त). एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढीच फिरवा, मग दोन चकरा मारून बघा. गाडी पळताना मागे निळसर धुराची रेघ दिसली पाहिजे. रेघ गायब झाली, किंवा ट्रिगर सोडल्यावरही इंजिन ओरडतच राहिलं, तर लीन आहे, ताबडतोब थांबवा. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या टोपीचं, तापमान मी 100 ते 120 डिग्रीत ठेवतो. टेम्परेचर गन नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका: तीन-चार सेकंदांत उडाला तर ठीक, पडल्या पडल्या चर्रकन उडाला तर गरम.

नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) आला की लोक नायट्रो बंद करून ठेवतात, इंजिन जळेल म्हणून. माझं मत उलटं आहे. 45 डिग्रीत हवा विरळ होते, आत ऑक्सिजन कमी जातो, म्हणजे हिवाळ्यात बसवलेली सुई आपोआप रिच पडते. गाडी जरा गुदमरते, प्लग ओला होतो, पण मरत नाही. खरा घात डिसेंबरमध्ये होतो. मेमध्ये सेट केलेली गाडी दहा डिग्रीच्या सकाळी तशीच सुरू केली, की दाट हवेमुळे ती लीन पडते. या इंजिनाचं तेल फ्यूलमध्येच असतं, त्यामुळे फ्यूल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन आणि तो ज्यात वर-खाली होतो त्या स्लीव्हचा सत्यानाश व्हायला एक टाकी पुरते. थंडीत सुई आधी बाहेर काढा, मग हळूहळू आत घ्या.

बाकी नायट्रोची सेवा: नव्या इंजिनाच्या पहिल्या काही टाक्या रिच ठेवून, फुल न पळवता, मध्ये थंड करत काढायच्या. दिवस संपला की टाकीतलं फ्यूल जाळून रिकामी करायची, इंजिनात दोन थेंब आफ्टर-रन तेल (गंज लागू नये म्हणून), आणि पिस्टन खाली ठेवायचा. एअर फिल्टरचा फोम तेल लावलेला हवा, आपल्याकडची धूळ कोरड्या फोममधून सरळ आत जाते. हे वाचूनच कंटाळा आला असेल तर उत्तर मिळालं तुम्हाला. इलेक्ट्रिक घ्या.

इलेक्ट्रिकमध्ये पहिल्या गाडीला टू-एस (दोन सेलची) बॅटरी पुष्कळ. मोटरवरचा केव्ही आकडा म्हणजे एका व्होल्टला किती फेरे. 3000 केव्हीची मोटर पूर्ण चार्ज टू-एसवर, म्हणजे 8.4 व्होल्टवर, सुमारे 25 हजार फिरते. थ्री-एसवर 12.6 व्होल्ट, तेव्हा जवळपास 38 हजार. आकडा पाहून पोरगा खूश होतो आणि बापाला दर आठवड्याला सस्पेन्शन आर्म आणावा लागतो. दहा वर्षांच्या मुलासाठी ब्रश मोटरवालीच घ्या.

उन्हाळ्यात इलेक्ट्रिकला नायट्रोपेक्षा जास्त जपावं लागतं, हे दुकानदार सांगत नाही. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी 45 डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते, आणि मेच्या दुपारी आपल्या गच्चीवरच्या खोलीत तेवढं सहज असतं. चालवून आणलेली बॅटरी आधी कूलरच्या खोलीत पूर्ण निवू द्या. चार्ज बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या), एक-सीनेच, म्हणजे 5000 एमएएचला 5 अँपिअर. चार्जर लावून बाजारात जाऊ नका. आठवडाभर वापरायची नसेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा, आणि स्कूटरच्या डिक्कीत कधीच नाही. फुगलेली बॅटरी बाद, "अजून चालते ना" म्हणून वापरायची नाही. मेमध्ये पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) एक दाताने लहान लावला की मोटर आणि ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) दोन्ही कमी तापतात, टॉप स्पीड जरा जातो, जाऊ द्या.

पावसाळ्यात काळी माती चाकांना अशी चिकटते की दोन्ही गाड्यांचं वजन वाढतं. मुरूम टाकलेली जागा शोधा. ईएससी वॉटरप्रूफ असला तरी बेअरिंग नसतात.

एक नियम दोन्हींना सारखा: आधी रिमोट चालू, मग गाडी, बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. नायट्रोत रिसीव्हरची बॅटरी उतरली तर गाडी फुल थ्रॉटलवर निघून जाऊ शकते, म्हणून फेलसेफ (सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरू लागली की थ्रॉटल बंद करणारी सोय) आणि थ्रॉटलची रिटर्न स्प्रिंग आधी तपासा.

जुनी घेत असाल तर नायट्रोचा फ्लायव्हील थंड असताना, प्लग लावलेला ठेवून, हाताने फिरवा. पिस्टन वरच्या टोकाला आला की तो घट्ट अडकला पाहिजे. मोकळा फिरला तर स्लीव्ह संपली आहे, विकणारा काही म्हणो. इलेक्ट्रिकच्या जुन्या बॅटरीचे सेल मीटरवर वेगवेगळे मोजा. दोन सेलमध्ये 0.1 व्होल्टच्या वर फरक निघाला तर बॅटरीची किंमत शून्य धरून भाव करा.